कॅफेत गाणी लावण्यासाठी परवाना नेमका कोणाकडून घ्यावा?

प्रश्न (कॅफेचालक, पुणे) :
कोथरूडमध्ये आमचा ३० आसनांचा कॅफे आहे. तेथे दिवसभर मंद आवाजात जुनी हिंदी-मराठी गाणी चालू असतात आणि त्यासाठी एका ॲपची वर्गणी आम्ही दरमहा भरतो. गेल्या आठवड्यात एका कंपनीची नोटीस आली असून, ध्वनिमुद्रित संगीत सार्वजनिक ठिकाणी वाजवल्याबद्दल वर्षभराचे शुल्क भरावे, अन्यथा दावा दाखल करू, असे तीत म्हटले आहे. वर्गणी भरत असताना हे शुल्क का द्यावे आणि ते एकदा दिले की काम भागते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (वकील, मुंबई) :
ॲपची वर्गणी वैयक्तिक श्रवणासाठी असते. धंद्याच्या जागी वाजवण्याचा हक्क तिच्यातून मिळत नाही. दुसरे असे की एका गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकारांकडे किंवा त्यांच्या प्रकाशकांकडे असतो, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क साधारणपणे संगीत कंपनीकडे. पहिल्यासाठी आयपीआरएस ही १९६९ साली स्थापन झालेली, कॉपीराइट कायद्याखाली नोंदणीकृत संस्था परवाना देते. ध्वनिमुद्रणासाठी आरएमपीएल ही नोंदणीकृत संस्था आहे, परंतु पीपीएल, नोव्हेक्स यांसारख्या कंपन्याही स्वतःकडील गाण्यांपुरते परवाने देतात. म्हणून एकच पावती पुरेशी ठरेलच असे नाही.

नोंदणी नसलेल्या कंपनीला शुल्क मागता येते का, हाच खरा वाद आहे. हक्क लेखी हस्तांतरित झालेले असल्यास कंपनी मालक या नात्याने परवाना देऊ शकते, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये म्हटले. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने वेगळी भूमिका घेतली आणि खंडपीठाच्या शुल्काविषयीच्या निर्देशाला सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली. आपण महाराष्ट्रात आहात, त्यामुळे नोटीस कचऱ्याच्या टोपलीत टाकण्याचा सल्ला मी देणार नाही. व्यवसायासाठी केलेल्या उल्लंघनाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली किमान सहा महिने कैदेची तरतूद आहे.

उत्तर २ (साडी दुकानदार, कोल्हापूर) :
आमच्याकडेही अशीच नोटीस आली होती. आम्ही लगेच पैसे न भरता गाण्यांची यादी आणि हस्तांतरणाच्या करारांच्या प्रती लेखी मागवल्या. यादी आल्यावर दिसले की आम्ही वाजवत होतो त्यांपैकी निम्मी गाणी तीत नव्हतीच, त्यामुळे रकमेबाबत बोलणी करता आली. नातेवाइकांनी ‘लग्नात परवाना लागत नाही, मग दुकानात कशाला’ असे सांगितले होते. पण कलम ५२ मधील ती सवलत धार्मिक विधी आणि लग्नसमारंभ यांच्यासाठी आहे, गिऱ्हाइकांसाठी नाही.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. आमच्याकडील बरीच गाणी साठ वर्षांपूर्वीची आहेत, शिवाय दर शनिवारी एक तरुण गिटारवर गातो. त्याचे काय?

उत्तर १ (वकील, मुंबई) :
१९६४ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांची ६० वर्षांची मुदत संपली आहे, तेव्हा तेवढ्यापुरता संगीत कंपनीचा परवाना लागणार नाही. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. शनिवारच्या गायनातही ध्वनिमुद्रण वापरले जात नाही, परंतु शब्द-चालीचा परवाना हवाच, आणि तो गाणाऱ्या मुलाने काढावा अशी अपेक्षा न ठेवता जागेचे चालक म्हणून आपणच काढावा.