देवळामागचा दगड आणि घरातलं संस्कृत: तुमचे अनुभव लिहा

खारेवारा
गौरी-गणपती पोचवले आणि दुसऱ्याच दिवशी देवळात जीर्णोद्धाराची बैठक झाली. तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय. आमचं गाव अलिबाग तालुक्यात, नागावपासून फार लांब नाही. देवळामागे कमरेएवढा एक दगड उभा आहे. वर चंद्र-सूर्य, मधे पुसट ओळी, खाली गाढव आणि बाई. लहानपणी तिथून जाताना आजी माझ्या डोळ्यांवर पदर धरायची. ती त्याला 'शिवीचा दगड' म्हणायची.

बैठकीत ठरत होतं की हा दगड काढून गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधात, घालायचा. देवळाच्या दारात संगमरवरी फलक लावायचा, त्यावर गावाचं 'प्राचीन संस्कृत नाव' आणि एका ऋषींची कथा. ते नाव मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. सातबाऱ्यावर नाही, आजीच्या ओव्यांत नाही.

मी उठून सांगितलं की याला गद्धेगाळ म्हणतात. कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या काळात जमीन दान दिली की असा दगड रोवायचे. मुंबईत परळला अपरादित्याचा ११८७ चा लेख सापडला, त्यात दानाचा मजकूर संस्कृतात आणि शेवटचा शाप मराठीत. दान मोडणाऱ्याला धाक बसायचा तर शाप त्याला कळायला नको का? आपल्या दगडावरच्या ओळी अजून कोणी वाचलेल्याही नाहीत. एक काका म्हणाले, "ताई, संस्कृत असतं तर ठेवला असता. ही तर शिवी आहे."

मला ते फार लागलं. संस्कृत मला परकं नाही. बाबांनी तिन्हीसांजेला दिव्यापाशी बसवून रामरक्षा शिकवली, संधी सोडवून एकेक शब्द सुटा करून दाखवला. ती भाषा मला आवडते, म्हणूनच तिचं नाव पुढे करून आमचा खराखुरा दगड कोणी पुरू नये असं वाटतं.

तुमच्या घरात, शाळेत, देवळात संस्कृत कसं आलं? कोणाला मिळालं, कोणाला नाही? गावाच्या इतिहासावरून भांडणं झाली का? मतं नंतर, आधी घरातलं सांगा.

बाबी_कुडाळ
आमच्याकडे रवळनाथासमोर गाऱ्हाणा मालवणीतच. "बारा पाचाच्या देवा महाराजा" म्हणून सुरुवात, आणि मागसून सगळे "व्हय महाराजा". अभिषेक भटजी करतत तो संस्कृतात, त्येका कोणाची ना नाय. पण पोराक नोकरी गावना नाय, चेडवाचा लगीन जमना नाय, ह्या देवाक सांगूचा तर आपल्याच भाषेत. देवाक दोनय कळतत.

आता मुद्द्याचं. आमची सातेरी देवी म्हणजे वारूळ. माती, छतापर्यंत वाढलेली. मागल्या जीर्णोद्धारात कमानीवर दुसरंच मोठं नाव घातलं. माझी आई अजून कमानीकडे न बघता आत जाते आणि वारुळाला हात लावते. बाकी नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलं.

काजूबोंड
फोनवरून लिहितेय, चुका सांभाळून घ्या. आमच्याकडे संस्कृत म्हणजे गणपतीतलं 'घालीन लोटांगण'. पहिलं कडवं मराठी, मग 'त्वमेव माता'पासून संस्कृत, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं! तोवर सगळं एकच गाणं वाटायचं.

पाटपाणी
@काजूबोंड आमच्या वाडीत अजून 'फळीवर वंदना' चालतं. सत्तर माणसं एका सुरात. मंत्रपुष्पांजलीला तर 'एकराळिति' आलं की सगळ्यांना जोर चढतो, कारण तेवढंच येतं 😄

काजूबोंड
😂 आणि 'संकष्टी पावावे'. मोदक उकडायला ठेवलेत, येते परत.

दाभोळखाडी
आठवीला मी 'संयुक्त' नाही, 'संपूर्ण' संस्कृत घेतलं. वर्गात मी एकटाच मुसलमान. पहिल्या दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, "तुला कशाला रे?" बाईंनी पुस्तक मिटलं आणि त्या मुलालाच फळ्यावर 'वन' चालवायला उभं केलं. द्वितीयेला अडकला. मग मला बोलावलं. वनम् वने वनानि, सातही विभक्त्या, मे महिन्यात मामाच्या होडीत बसून पाठ केल्या होत्या.

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती घरात कोकणी बोलायची, 'ये गो', 'बस गो'वाली. मी सुभाषित पाठ करायला लागलो की मासे साफ करता करता म्हणायची, आता अर्थ सांग. 'पृथिव्यां त्रीणि रत्नानि' तिला फार आवडायचं. पाणी, अन्न आणि चांगलं बोलणं. म्हणायची, ह्यात आपल्या घरात कमी काय आहे?

बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. खांदा द्यायला मी होतो.

ते दाभोळचं नाव दालभ्य ऋषींवरून आलं की आणखी कशावरून, यावर आमच्याकडे दर जत्रेला वाद होतो. मला मात्र हवं ते वेगळंच. या किनाऱ्यावर आमचीही माणसं शतकानुशतकं आहेत, ती अशा फलकांवर कुठेच नसतात.

खारेवारा
@दाभोळखाडी तुमच्या बाईंबद्दल वाचून डोळे भरले. नागावच्या शिलालेखात शके १२८९ आहे आणि त्याच दगडावर हिजरी ७६९ सुद्धा आहे. साडेसहाशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याला दोन्ही सन एका दगडावर घालताना अडचण वाटली नाही. बैठकीत हेही सांगायला हवं होतं, तेव्हा सुचलं नाही.

दाभोळखाडी
फोटो असेल तर टाका. मुलीला दाखवतो.

सावित्रीकाठ
मी महाडची. आमच्या घरात हा विषय चवदार तळ्यापासून सुरू होतो. २० मार्च १९२७ ला पणजोबा त्या ओंजळभर पाण्याला गेले होते. नंतर गावातल्या लोकांनी तळं 'शुद्ध' केलं, १०८ घागरी, दूध, दही, शेण, गोमूत्र, वर मंत्र. पणजोबा सांगायचे म्हणे, मार विसरता येतो, ते मंत्र विसरता येत नाहीत. आम्हाला संस्कृत असं ऐकू आलं. तळं सगळ्यांचं आहे हे उच्च न्यायालयाने सांगेपर्यंत १९३७ उजाडलं.

बाबासाहेबांनाही शाळेत संस्कृत घ्यायला मिळालं नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे ते स्वतः शिकले. माझ्या वडिलांना एका शाळेत सर म्हणाले, "तुला झेपणार नाही, हिंदी घे." वडिलांनी हिंदी घेतली आणि आयुष्यभर नोकरी केली. निवृत्त झाल्यावर एक दिवस बघते तर स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर देवः देवौ देवाः. भात शिजेपर्यंत पाठ, शिटी झाली की पुढची विभक्ती. मी विचारलं, आता कशाला? म्हणाले, "मनुस्मृती मुळातून वाचायची आहे. जी जाळली तिच्यात काय होतं, ते दुसऱ्याने सांगितलेलं किती दिवस ऐकायचं?"

तीन वर्षं लागली. वहीत प्रत्येक श्लोकाखाली निळ्या शाईत अन्वय, लाल शाईत स्वतःचा शेरा. वाचनालयातून पां. वा. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास आणायचे, एकेक खंड, पिशवीत घालून. काणे इकडचेच, जन्म चिपळूणजवळचा आणि बालपण दापोलीचं. १९६३ ला भारतरत्न. वडील म्हणायचे, हा माणूस लपवत नाही, जे आहे ते मांडतो.

आणि एक, हे नेहमी गाळलं जातं म्हणून लिहिते. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीदहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे ब्राह्मण होते, आणि परिषदेला जागा दिली ती फत्तेखानांनी. महाडच्या त्या दिवसाचा फलक लावाल तर सगळी नावं लावा.

बाबी_कुडाळ
ताई, ती वही जपून ठेवा.

काजूबोंड
वाचता वाचता मोदक जास्त उकडले, फुटले दोन. फुटू देत. मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं.

सह्याद्रीपुत्र
सगळं मान्य, पण संस्कृत ही सर्व भाषांची जननी आहे हे विसरू नये. मूळ नावं संस्कृतच होती, नंतर अपभ्रंश झाले. फलकावर मूळ नाव लावलं तर बिघडलं काय?

लेणीवाट
@सह्याद्रीपुत्र दादा, रागावू नका, पण मांदाडजवळच्या कुड्याच्या लेण्यांत एकदा जाऊन या. राजपुरीच्या खाडीवर आहेत. तिथे दान देणाऱ्यांची नावं कोरलीत. वैद्य आहे, माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, ब्राह्मणाची बायको आहे. सगळं ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात. चौलला आज लोक चंपावती म्हणून सांगतात, पण कान्हेरीच्या जुन्या लेखात ते 'चेमुल' आहे. म्हणजे हाती असलेलं जुनं नाव लोकांच्या बोलीतलं, आणि नटवलेलं नंतरचं. शिवाय रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं घ्या. हत्ती, मासे, माणसं कोरणारे कुठली भाषा बोलत होते हे कोण सांगणार?

सह्याद्रीपुत्र
कुडे पाहिलेलं नाही. पण शिवरायांची मुद्रा संस्कृतातच आहे ना? आणि राज्यव्यवहारकोश? फारसी शब्द काढून संस्कृत आणले. माझे आजोबा रायगडावर जगदीश्वराच्या भिंतीवरचा लेख उभ्याने वाचायचे, 'प्रासादो जगदीश्वरस्य' म्हणताना आवाज कापायचा. आमच्यासाठी ते नटवणं नाही, दादा.

खारेवारा
@सह्याद्रीपुत्र नाहीच नटवणं. तो लेख तिथे आहे, तो वाचताना माझ्याही अंगावर काटा येतो. त्याच देवळाच्या पायरीवर रायगड बांधणाऱ्या 'सेवेचे ठायी तत्पर' हिरोजींचं नाव मराठीत आहे. दोन्ही दगड जागेवर आहेत म्हणून आपण दोन्ही वाचतो. माझं भांडण एवढंच आहे की आमचा जागेवर राहू द्या.

नमनमंडळ_गुहागर
संकासुराचं कोणी लिहिलंच नाही? दशावतारात संकासुर ब्रह्मदेवाचे वेद पळवतो आणि विष्णू त्याला मारतो. पण आमच्याकडे शिमग्यात तोच दारात येतो. काळा पायघोळ अंगरखा, उंच टोकदार टोपी, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. बायका त्याला ओवाळतात, नवस बोलतात, आजारी पोर पायावर घालतात. वेदांचा चोर आणि त्यालाच नवस!

मी बारा वर्षं तो वेष घेतोय. टोपी चढली की आतून काही दिसत नाही, फक्त घुंगरांचा आणि मृदुंगाचा आवाज. गेल्या साली एका म्हातारीने पाय घट्ट धरले आणि म्हणाली, "बाबा, आमचं तू परत आणलंस." काय परत आणलं ते विचारता येत नाही, वेषात बोलायचं नसतं. गावात एकजण म्हणतो तो राक्षस, एकजण म्हणतो तो आपला राजा होता, त्याला नंतर राक्षस केलं. दोघंही पालखीला खांदा देतात.

पाटपाणी
मृदुंग कोण वाजवतं तुमच्याकडे? आमचा वाजवणारा मुंबईला गेला, या वर्षी पंचाईत आहे.

नमनमंडळ_गुहागर
मेसेज करा, बघतो. शिमग्याला वेळ आहे.

अकरावी_अ
मी सगळ्यात लहान असेन इथे. दहावीला संस्कृत घेतलं ते मार्कांसाठी, खरं सांगते. ९८ मिळाले. पण वर्गात 'पुरुष मोठा' अशा अर्थाचं सुभाषित आलं तेव्हा हात वर करून विचारलं की हे आपण पाठ का करतोय. उत्तर मिळालं नाही, मार्क मिळाले. २०११ च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१ लोक होते. आमच्या तालुक्यातच त्याहून जास्त माणसं असतील. तरी मला पुढे शिकायचंय. रत्नागिरीत रामटेकच्या संस्कृत विद्यापीठाचं काण्यांच्या नावाचं उपकेंद्र आहे. सावित्रीकाठ मावशी, तुमच्या बाबांची वही बघायला येऊ का?

सावित्रीकाठ
ये बाळा. ते स्वतःच शिकवतील. चहा त्यांचा आणि शेरे लाल शाईत 🙂

लेणीवाट
@खारेवारा दगडावरची अक्षरं वाचायला पीठ किंवा खडू लावू नका. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला लागून तिरकी धरा, सावलीने अक्षर उठतं. वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढा.

खारेवारा
काल संध्याकाळी हेच केलं. वाडीतली सात पोरं आणि 'शिवी आहे' म्हणणारे काकासुद्धा आले. टॉर्च त्यांच्याच हातात दिली. पहिल्या ओळीत 'स्वस्ति' उठलं, अगदी स्पष्ट. काका बराच वेळ वाकून बसले होते. खालच्या ओळींना शेवाळ आहे, त्या लागल्या नाहीत. दगड गडग्यात घालायचा निर्णय पुढच्या बैठकीपर्यंत थांबवलाय. रविवारी सहा वाजता पुन्हा बसणार आहोत, जाणकार असेल तर या. अलिबागहून रेवदंड्याची एसटी धरा, वाटेत आक्षीचा शिलालेखही बघून होईल.

लेणीवाट
येतो. मऊ ब्रश आणि साधं पाणी ठेवा, साबण नको.

सह्याद्रीपुत्र
मीही येतो. पेणहून गाडी आहे, वाटेत कोणाला घ्यायचं असेल तर सांगा.

काजूबोंड
मी नाही येऊ शकत, पण खालच्या ओळी लागल्या की इथेच लिहा. शिवी असली तरी.