हेक्टर क्रॉफर्ड : आतलं चित्र वेगळं, बाहेरचं वेगळं?

गोदाकाठ :
मेलबर्नचे निर्माते-दिग्दर्शक हेक्टर क्रॉफर्ड यांच्याबद्दल वाचतेय. आधी वाद्यवृंद चालवायचे, १९४५ मध्ये बहीण डोरोथीबरोबर कंपनी काढून रेडिओ-नाटकं केली, मग १९६४ पासून 'होमिसाइड' ही पोलीस मालिका. तिच्यात स्टुडिओतले प्रसंग व्हिडिओटेपवर, रस्त्यावरचे फिल्मवर, म्हणजे दोन्हींचं चित्र वेगळं दिसणार. माझीही तीच अडचण आहे. भद्रकालीतल्या मामाच्या वाड्यातलं शूटिंग पिवळट, मळकट दिसतंय आणि रामकुंडावरचं पहाटेचं लख्ख. जोड उघडी पडते. त्यांनी कसं निभावलं?

पंचवटीकर :
ताई, जोड त्यांचीही दिसायचीच. पण लोक बघत होते ते स्वतःचं शहर, स्वतःच्या उच्चारातली माणसं. तोवर पडद्यावर बहुतेक अमेरिकन आणि ब्रिटिश मालिका. पुढे रंगीत आल्यावर सगळं फिल्मवर गेलं. तुम्ही वाड्याच्या दाराशी एक शॉट घ्या, पात्र अंधारातून उजेडात येताना. डोळा सरावतो.

जुनासंकलक :
मला त्यांचा १९७५ चा काळ जास्त मोठा वाटतो. तीन वाहिन्यांवर चालणाऱ्या त्यांच्या तिन्ही पोलीस मालिका बंद करायचं ठरलं. दुसरा कुणी खचला असता. यांनी १९७६ मध्ये महायुद्धातल्या एका मेलबर्नच्या कुटुंबावर 'द सलिव्हन्स' आणली, ती १९८३ पर्यंत चालली! फाळक्यांच्या नाशिकात राहून अशा माणसाबद्दल आपण बोलत नाही, याचं वाईट वाटतं.

गोदाकाठ :
दाराचा शॉट उद्याच घेते, काका. उंबऱ्यावर आजीची पितळी समई ठेवणार आहे.