अंकांची खेळणी: शिकतं कोण, मूल की बॅटरी?

पाटीपेन्सिल:
बटण दाबलं की 'वन, टू' बोलणारी पाटी म्हणजे महागडा खुळखुळा, असं माझं ठाम मत. मूल बटणांची जागा पाठ करतं. पुढ्यात आठ चिंचोके ठेवून 'तीन दे' म्हणा, मूठभर उचलून देईल. अमेरिकेत संशोधक अ‍ॅना सोसा यांनी १० ते १६ महिन्यांची २६ बाळं आणि त्यांच्या पालकांचा खेळ ध्वनिमुद्रित केला (निष्कर्ष २०१६). आवाजी खेळणं हाती असताना पालक कमी बोलले, पुस्तक असताना जास्त. खेळणं बोलू लागलं की घरची माणसं गप्प!

सोंगटी:
बॅटरीवाल्यांना खुशाल झोडपा, पण सगळ्यांना एकाच काठीने नको. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी या मानसशास्त्रज्ञांचा २००८ चा प्रयोग बघा. १ ते १० ची सरळ पट्टी, पंधरा-वीस मिनिटांचे चार डाव, तेही दोन आठवड्यांत. मुलांची संख्यांची समज वाढली. तोच खेळ आकड्यांऐवजी रंगांच्या घरांवर खेळलेल्यांत फरक पडला नाही.

घरी करायला पुठ्ठा पुरतो. दहा सारखी घरं, डावीकडून उजवीकडे. फासा नको, सहा पडले की अर्धी पट्टी संपते. १ आणि २ च्या चिठ्ठ्या काढा. सोंगटी ३ वर असताना २ आले तर 'चार, पाच' म्हणत सरकायचं. बहुतेक लोक 'एक, दोन' म्हणतात. मग घरातल्या आकड्याकडे बघायचं कारणच उरत नाही.

कोरा कागद:
एवढा खटाटोप कशाला? सापशिडी आहे की.

सोंगटी:
सापशिडीत ११ हे १० च्या डोक्यावर बसतं आणि रांग उलटी फिरते. 'पुढे' म्हणजे कधी उजवीकडे, कधी डावीकडे. पहिलीनंतर चालेल.

दशकमाळ:
दहापर्यंत ठीक. मराठी मुलाची खरी गोची पुढे आहे. 'त्रेसष्ट'मध्ये तीन आधी ऐकू येतात, म्हणून ३६ लिहितं. 'एकोणतीस'मधलं तीस ऐकून ३९. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात २१ चं 'वीस एक' असं वाचन दिलं, तेव्हाचा गदारोळ आठवत असेल. इथे शंभर मण्यांची गणितमाळ कामाला येते: दहा लाल, दहा पांढरे, आलटून पालटून. तीन दशकं मोजून एक मणी मागे या, एकोणतीस डोळ्यांना दिसतो. प्रत्येक दशकाला वेगळा रंग मात्र देऊ नका, मूल मोजायचं सोडून रंग ओळखतं.

पाटीपेन्सिल:
हे श्रेय माळेचं की शिकवणाऱ्या ताईंचं? खराट्याच्या दहा काड्यांचा रबरबँडने गठ्ठा बांधा. वजाबाकीत दशक मोडायचा तर गठ्ठा सुटतो. माळेतला दशक कसा सोडणार?

दशकमाळ:
नाहीच सुटत. वजाबाकीला काड्याच हव्यात, माळ क्रमासाठी. पण २४३ काड्या मांडून बघा, केर काढायला घ्यावा लागेल. तिथे मॉन्टेसरीतला शंभर मण्यांचा चौरस लागतो. आणि चिंचोके असोत की मणी, तीन वर्षांखालच्यांना नकोच, घशात अडकतात.

कोरा कागद:
माळ टांगायची कशी?

दशकमाळ:
१२ मिलिमीटरचे मणी घेतले तर सव्वा मीटर भरते. दोरा चार बोटं सैल ठेवा, ताणला की मणी सरकत नाहीत. उंची मुलाच्या खांद्याएवढी. संख्या दाखवायला लावायचा चिमटा मण्यावर नाही, मोजून झालेल्या मण्याच्या पुढच्या फटीत.