अनुभव धागा: कृष्णवर्णीय रिपब्लिकन निवडून येतात ते कुठून?

अमेरिकेतल्या निवडणुका जवळून बघणाऱ्यांनी लिहा. आपापली मतं नकोत, खाचाखोचा हव्यात.

पाटीपेन्सिल: आधी उमेदवारी. इथे 'तिकीट' हायकमांड देत नाही, प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक) मतदार देतात. साउथ कॅरोलायनात प्रायमरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत, तर दोन आठवड्यांनी पहिल्या दोघांत फेरलढत. २०१० मध्ये चार्ल्सटनकडच्या मतदारसंघात रिपब्लिकनांचे नऊ जण उभे होते. त्यातले कृष्णवर्णीय टिम स्कॉट पहिले आले, पण एक तृतीयांश मतांच्याही आत. फेरलढतीत समोर कोण, तर वंशविभाजनाचे जुने कैवारी स्ट्रॉम थर्मंड यांचे चिरंजीव पॉल. स्कॉटना ६८ टक्के पडली, आणि ती बहुतांशी गोऱ्यांची.

मुक्काम_डॅलस: नेमकी मेख तिथेच आहे. १९९० च्या जनगणनेनंतर दक्षिणेत कृष्णवर्णीय बहुसंख्य असतील असे मतदारसंघ मुद्दाम आखले गेले. तिथून डेमोक्रॅट येतात, उरलेले मतदारसंघ जास्तच गोरे होतात आणि रिपब्लिकन येतात ते बहुतेक तिथून. म्हणून कृष्णवर्णीय रिपब्लिकनाने 'आपल्या' वस्तीची मतं गृहीत धरून हिशेब मांडला, की गणित चुकलंच. युटा राज्यात कृष्णवर्णीय लोकसंख्या दोन टक्क्यांच्याही आत, तरी मिया लव आणि बर्जेस ओवेन्स हे कृष्णवर्णीय रिपब्लिकन दोघंही तिथूनच आले.

शेंगदाणा: सर्वेक्षणं वाचताना एक चूक हमखास होते. 'स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवता का?' आणि 'मत कुणाला?' हे दोन वेगळे प्रश्न. चर्चला नेमाने जाणारे, गर्भपाताला विरोध करणारे कितीतरी कृष्णवर्णीय मतदार बिनदिक्कत डेमोक्रॅटना मत देतात. १९६० मध्ये रिपब्लिकन उमेदवार निक्सनना साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय मतं होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध त्या वर्षीचे रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवार गोल्डवॉटर यांनी मत दिलं आणि त्याच वर्षी तो आकडा कोसळला. तो पुन्हा तिथवर चढलेला नाही.

पाटीपेन्सिल: @शेंगदाणा, सहमत. जिंकल्यावर पुढचा पेच: काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) ब्लॅक कॉकसमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय खासदारांच्या, जवळपास सगळे डेमोक्रॅट असलेल्या गटात, जायचं का? ओक्लाहोमाचे जे. सी. वॉट्स गेले नाहीत, मिया लव गेल्या. (ना माहेरची, ना सासरची!)

मुक्काम_डॅलस: लव यांचंच बघा. आईवडील हैतीचे, हैतीबद्दल ट्रम्प जे बोलल्याचं छापून आलं, त्यावर त्यांनी जाहीर नाराजी दाखवली. २०१८ ची मोजणी चालू असतानाच ट्रम्पनी त्यांच्या पराभवावर जाहीर टोमणा मारला. शेवटी त्या हरल्या, ६९४ मतांनी.