मदत हवी आहे : रेडिएशनला न जुमानणाऱ्या पेशी, एक्सोममधली खरी म्युटेशन्स कशी निवडू?

चिवटपेशी
मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या सेल लाइनला (लॅबमध्ये सतत वाढवता येणाऱ्या पेशी) दर वेळी २ ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक), असे एकूण ६० ग्रे दिले. पेशी चिवट झाल्यात, क्लोनोजेनिकमध्ये (एकेका पेशीपासून वसाहत वाढते का, ही चाचणी) फरक स्वच्छ दिसतो. मूळ आणि चिवट, दोन्हींचं एक्सोम (डीएनएतला प्रथिनं घडवणारा भाग) वाचून आणलं तर हजारोंनी बदल! यातला कारणीभूत कोणता? सेमिनार तोंडावर आलाय. 'पेपर वाचा' सांगू नका, वाचलेत.

रानवारा
सेल लाइन कुठली?

पेट्रीडिश
टीपी५३ (डीएनए बिघडला तर पेशीला थांबवणारं किंवा मारणारं जीन) बघ आधी. आमच्याकडे नेहमी तिथेच उत्तर निघतं.

रानवारा
अहो, लाइन कळल्याशिवाय टीपी५३ काय बघणार? एचटी-२९ मध्ये ते मुळातच बिघडलेलं असतं.

चिवटपेशी
एचसीटी-११६.

रानवारा
मग हजारोंचं कारण तिथेच आहे. या लाइनमध्ये एमएलएच१ हे जीन निकामी असतं, डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त होत नाहीत. नुसतं फ्लास्कमध्ये वाढवत राहिलं तरी म्युटेशन्स साचतात. 'मूळ' म्हणून काय पाठवलंत? सुरुवातीची व्हायल (गोठवलेली कुपी), की तेवढेच पॅसेज (नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्या) किरणांविना वाढवलेल्या पेशी?

चिवटपेशी
सुरुवातीची व्हायल. किरणांविना समांतर वाढवलेल्या पेशी नायट्रोजनमध्ये आहेत, पण त्यांच्या सिक्वेन्सिंगला ग्रँट उरली नाही.

सुमनताई
माझ्या दिरांना गुदाशयाचा कॅन्सर आहे. रेडिएशन झालं, गाठ फारशी आटली नाही. शेजारी म्हणतात मोबाइल टॉवरमुळे झालं. तुमच्या शोधातून औषध निघेल का?

रानवारा
ताई, हे काम अजून फ्लास्कमधलं आहे. टॉवरचे किरण डीएनए तोडण्याइतके जोरकस नसतात, ते मनातून काढा. बायोप्सीवर एमएमआर (डीएनएच्या नकलेतल्या चुकांची दुरुस्ती) तपासलं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. एमएमआर बिघडलेल्या गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये डोस्टारलिमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध देऊन पहिल्या १२ पैकी १२ रुग्णांच्या गाठी रेडिएशनशिवाय दिसेनाशा झाल्या, असं २०२२ साली प्रसिद्ध झालं. असे रुग्ण थोडेच असतात, पण विचारायला हवं.

आरएनएवाला
एक्सोममध्ये अडकू नका. चिवटपणा बऱ्याचदा म्युटेशनमध्ये नसतोच, जीन्स चालू-बंद होण्यात असतो. आरएनए-सेक (कोणती जीन्स किती चालू आहेत ते मोजणं) करा.

रानवारा
पैसे नाहीत म्हणतायत ना त्या! पेशी काही पॅसेज किरणांविना वाढवून पुन्हा क्लोनोजेनिक लावा. चिवटपणा ओसरला तर आरएनएवाल्यांचं म्हणणं खरं.

चिवटपेशी, किरण दिल्यावर २४ तासांनी गॅमा-एच२एएक्सचे (डीएनए तुटल्या जागी दिसणारी खूण) ठिपके मोजा. चिवट पेशींत कमी उरले तर डीएनएची दुरुस्ती सुधारली असणार. मग यादीत एटीएम, आरएडी५१, डीएनए-पीके या दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांच्या वाटेवरची जीन्स आधी घ्या. मूळच्या बॅम फाइलमध्येही (जुळवलेले रीड्स, म्हणजे डीएनएचे वाचलेले तुकडे, असलेली फाइल) त्या जागा बघा. दोन-चार रीड्सवर बदल आधीच असेल तर किरणांनी तो घडवला नाही, तशा पेशी फक्त तगल्या. उरलेल्या जागा समांतर पेशींत सँगरने (डीएनएतली एकेक जागा वाचायची जुनी पद्धत) तपासा, स्वस्तात होतं. तिथेही तोच बदल दिसला तर बहुधा बाद.

चिवटपेशी
हे जमेल. समांतर पेशींची व्हायल उद्याच काढते. प्रायमर (सँगरसाठी लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) कुठून मागवता? लवकर येणारे सांगा.

पेट्रीडिश
टीपी५३चेही मागव. एचसीटी-११६ मध्ये ते मुळात शाबूत असतं. किरणांच्या माऱ्यात ज्या पेशींनी ते गमावलं, त्याच पुढे वाढल्या असतील.