पुश हँड्स: मागे बसताना तोल का जातो?

प्रश्न
ताई-चीतला पुश हँड्स, म्हणजे दोघांनी हाताला हात टेकवून करायचा सराव: एका हाताचं आडवं वर्तुळ, उजवं मनगट जोडीदाराच्या उजव्या मनगटाला, उजवा पाय पुढे. जोडीदाराचा रेटा छातीवर आला की मागच्या पायावर बसतो, पण शेवटी पाठ मागे झुकते आणि पुढचा चवडा उचलला जातो. पाय जास्त लांब टाकून पाहिले, काही फरक नाही. मागे जायचं तरी किती?

उत्तर १
लांबी वाढवल्याने उलट बिघडतं, कारण मग मागच्या पायाच्या जांघेत (मांडी धडाला मिळते तिथे) घडी पडायला जागाच उरत नाही. वाढवायची ती रुंदी: दोन पावलांमध्ये आडवं अंतर खांद्यांएवढं. टाचा एका रेषेत आल्या की माणूस दोरीवर चालल्यासारखा डुलतो.

माकडहाड मागच्या टाचेच्या वर येण्याआधीच थांबा. तिथून पुढे मागे जाणं बंद, कंबर उजवीकडे वळवायची, म्हणजे रेटा छातीसमोरून निघून जातो. हात गोलच राहू द्या (या गोल, न चेपणाऱ्या ताकदीलाच ताई-चीत ‘पेंग’ म्हणतात). कोपर बरगड्यांना चिकटलं की वळायला वाव नाही आणि मग पाठच मागे जाते.

उत्तर २
वरचं बरोबर, पण माझ्या मते मूळ दुखणं उशिराचं आहे. बसून झाल्यावर वळू नका. रेटा मनगटाला जाणवला की बसणं आणि वळणं एकदमच. त्यासाठी ‘तिंग जिन’, म्हणजे स्पर्शातून ऐकणं, हवं. दाब अगदी हलका आणि एकसारखा ठेवा. वाढला तर तुम्ही अडवताय, स्पर्श सुटला तर पळताय. दोन्हीत समोरच्याचा हेतू कळत नाही.

एक तपासणी करा. वर्तुळ अगदी सावकाश, एका फेरीला आठ-दहा सेकंद. मध्येच कुणीही ‘थांब’ म्हणायचं, दोघांनी आहे तिथे थिजायचं आणि एकाने हात अलगद काढून घ्यायचा. दुसरा पुढे कलंडला तर तो तुमच्या हातावर रेलून उभा होता. बहुतेकदा ढकलणाराच रेलतो, तेव्हा जोडीदारालाही तपासा.

प्रश्नकर्ता
वळताना मागचा गुडघा आत पडतो, ते चालतं का?

उत्तर १
अजिबात नाही. गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेतच हवा, वळण जांघेतून घ्यायचं. मागचं पाऊल साधारण ४५ अंश बाहेर ठेवा. तरीही गुडघा आत येत असेल तर तुम्ही जास्त वळताय, वळण कमी करा.