शब्दचर्चा : ‘वाजणे’, ‘वाजवणे’ आणि डीपीची घरघर

विचारणा (मूर्तिजापूर तालुका)
आमच्या गावातला एक पोरगा मोबाइलवर आवाज गोळा करतो. डीपीची (गावातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरची) घरघर, जिनिंगच्या मशीनची खडखड, रानडुकरं अन् रोही (नीलगाई) हाकलायला रात्रभर शेतात लावून ठेवतात त्या भोंग्यातलं ‘हाड हाड’. मग ते कापतो, ताणतो, एकावर एक चढवतो. शाळेच्या गॅदरिंगात हे ऐकवायचं ठरलं आहे आणि पत्रिकेत काय छापावं यावरून गुरुजींमध्ये वाद सुरू आहे. संगीत म्हणावं तर सूर नाही, ताल नाही. नुसतं ‘आवाज’ लिहावं तर पोरगं नाराज. ‘साउंड आर्ट’ नको. आपला शब्द कोणता?

उत्तर (वर्धा)
‘संगीत’ची फार काळजी करू नका. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकरा’त गीत, वाद्य आणि नृत्त तिन्ही मिळून संगीत, अशी व्याख्या दिली आहे. ती धरून बसलो तर नाच नसलेली आपली भजनंही बाहेर राहतील. हा शब्द कधीचाच सैल झालाय. तरी पोराच्या कामाला मी ‘नाद’ म्हणेन.

उत्तर (दर्यापूर)
नाद नोका म्हणू भाऊ. इकडे नाद म्हटलं का लोक इचारतेत, कायचा? सट्ट्याचा का?

उत्तर (आर्वी)
नाम शोधण्यापेक्षा क्रियापदं पाहा. मराठीत ‘वाजणे’ वेगळं, ‘वाजवणे’ वेगळं. दार वाजतं, पत्रा वाजतो, थंडीही वाजते. वाजवायला मात्र कुणीतरी लागतो. डीपीत वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, गाभ्याचं लोखंड प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणलं जातं, म्हणून घरघर मुख्यतः १०० हर्ट्झची. पेटीवर लावून पाहा, खालच्या पांढरी पाचच्या किंचित वर बसेल. म्हणजे सूर नाही हे तुमच्या गुरुजींचं म्हणणं चूक! सूर आहे, वाजवणारा नव्हता. पोरानं तो सूर उचलून दुसऱ्या आवाजाशेजारी ठेवला, तिथं ‘वाजणे’चं ‘वाजवणे’ झालं. पिएर शेफर या फ्रेंच संगीतकारानं १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओसाठी हेच केलं होतं, आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर घेऊन. भारतातही १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य, आला होता. पोरगा एकटा नाही.

उत्तर (पुसद)
ताई, ‘वाजवणे’ पुरत नाही. डुकरांचा भोंगाही शेतकरीच वाजवतो, मुद्दाम, बॅटरी चार्ज करून. त्याला कुणी कला म्हणत नाही. उलट १९५२ मध्ये जॉन केज या अमेरिकन संगीतकाराची रचना सादर झाली तेव्हा पियानोवादकानं चार मिनिटं तेहतीस सेकंद एकही सूर वाजवला नाही, तरी ती संगीतात मोजली जाते. माझ्या मते दुसरी जोडी घ्या : ‘ऐकू येणे’ आणि ‘ऐकणे’. जागलीवर, म्हणजे रात्री शेताच्या राखणीला, असलो की तो भोंगा मला ऐकू येतो. गॅदरिंगात बसून मी तोच ऐकणार. तिकडे तो डुकरांसाठी आहे, इकडे माझ्यासाठी. आता ऐकून मला तो आवडेल की नाही, हे वेगळं. वाईट संगीतही संगीतच असतं. आमच्या वरातीतला धुमाल बँड बघा.

उत्तर (आर्वी)
भाऊ, धुमालला नावं ठेवू नका, पण मुद्दा पटला. मग पत्रिकेत ‘ध्वनिरचना’ छापा. ‘ध्वनी’ म्हटल्यानं सुरांची सक्ती राहत नाही आणि ‘रचना’ म्हटल्यानं पोराचं काम दिसतं. इंग्रजी ‘नॉइज’साठी काही जण ‘गोंगाट’ वापरतात, ते मला खटकतं. गोंगाटाला माणसं लागतात, बाजार लागतो. सिंथेसायझरमधून मुद्दाम काढलेल्या त्या आवाजाला, स्टेशन न लागलेल्या रेडिओची असते ती ‘खरखर’ जास्त जवळची.

उत्तर (दर्यापूर)
खरखर चालते. पण पोराले सांगा बाप्पा, पावसाळ्यात डीपीजवळ मोबाइल घेऊन उभा राहू नोको म्हणा.